डब्यातलं डांबर

विंचूर, ६ मे

अपूर्वा बाळ,

मामाचा आशीर्वाद. फोन सोडून पत्र कशाला, असं म्हणशील. एक तर उभ्या नोकरीत मी दुसऱ्यांची पत्रं वाटली, स्वतः लिहायची हौस राहूनच गेली. दुसरं म्हणजे फोनवर मला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं मी मनानं भरतो. हे प्रकरण मनानं भरण्यातलं नाही.

तुझी आई इथल्या शाळेत बाई होती तेव्हापासून मला राखी बांधते, त्या नात्यानं तुला कामाला लावतो. गावातून कांदा बाजाराकडे जाणारा रस्ता जानेवारीत नवा झाला. ज्या प्लांटवर त्याचं डांबर आणि खडी एकत्र तापवली, तिथं आपला शेखर सुपरवायझर होता. रस्ता झाला तेव्हा शेखरचा बाप म्हणून लोक मला बोलावून चहा पाजायचे. आता मे लागला नाही तोच त्या रस्त्यावर चाकांच्या दोन नाल्या पडल्या आहेत. शेजारच्या तानुबाईची सून स्कूटीवरून जाताना नालीत चाक जाऊन पडली, हात प्लास्टरमध्ये आहे. गावात उघड बोलतात की शेखरनं डांबर खाल्लं. मी पारावर गेलो की बोलणं थांबतं.

लोकांचं सोड. मला स्वतःला कळून घ्यायचं आहे. तो रोज माझ्यासमोर जेवायला बसतो आणि मी त्याच्या तोंडाकडे बघत राहतो. विचारायला जीभ रेटत नाही. विचारलं आणि तो नाही म्हणाला, तर त्यावर विश्वास ठेवायचा का, हेही समजत नाही. एकुलता एक मुलगा, आणि मला त्याच्याबद्दल एवढंसुद्धा ठाऊक नसावं?

तू डांबर तपासणाऱ्या प्रयोगशाळेत आहेस. त्याच रस्त्याचं डांबर डब्यात घालून पाठवतो. साफ करून दिलं आहे, तुला निवडत बसायला नको. गावातल्या हर्षलचा टेम्पो रोज नाशकात द्वारका चौकाला येतो, त्याच्याकडून घे. शेखरला यातलं काही माहीत नाही आणि कळूही देऊ नकोस.

तुझा,
धोंडीराममामा

नाशिक, १४ मे

प्रिय मामा,

डबा मिळाला. आईनं तो बघितल्या बघितल्या विचारलं की हा मैनावहिनींचा लाडवांचा डबा आहे, त्यांना सांगून घेतलाय ना? मी तुमची बाजू सांभाळली आहे, पुढचं तुम्ही बघा.

आता कामाचं. आमच्याकडे एक साधी परीक्षा असते. पितळी कडीत डांबर ओतायचं, थंड झालं की वर पोलादी गोळी ठेवायची, सगळं पाण्यात बुडवून पाणी हळूहळू तापवायचं. डांबर मऊ पडलं की गोळी त्याला घेऊन खाली उतरते. तुमच्या रस्त्याला जे डांबर सांगितलं होतं त्याची गोळी सत्तेचाळीस अंशांच्या आत उतरता कामा नये. तुमच्या डब्यातल्याची छत्तीसलाच उतरली. माझ्याच हातून काही चुकलं असेल म्हणून पुन्हा केली, तर पस्तीस. शिवाय तापवताना डिझेलसारखा वास आला.

गोंधळ पुढे आहे. जानेवारीत त्या कामाच्या प्रत्येक टँकरमधला नमुना आमच्याकडेच आला होता. मीच तपासला, खाली सही माझी. सगळे चांगले होते. आणि प्लांटवर खडीबरोबर तापलं की डांबर थोडं कडक होतं, मऊ झालेलं मी कधी पाहिलेलं नाही. तुमच्या डब्यात सगळं उलटं आहे. कधी वाटतं, टँकर आणि रस्ता यांच्यामध्ये कुणी तेल मिसळलं असेल. मग वाटतं, माझ्याच टेबलावर नमुन्यांची अदलाबदल झाली असेल. दोन रात्री धड झोप नाही. आमचे श्रेयस सर म्हणाले, कुठून कसा आला हे माहीत नसलेल्या डब्यावर मत देऊ नकोस. त्यांचं बरोबर आहे, आणि तरी तुम्ही वाट बघत असाल म्हणून मी लिहिते आहे.

शेखरदादाबद्दल मी काहीही म्हणत नाही. हे वाक्य कृपा करून नीट वाचा.

तुमची,
अपूर्वा

विंचूर, १९ मे

अपूर्वास,

पत्र पोचलं. पुन्हा पुन्हा वाचलं. तेल मिसळलं गेलं. टँकर आणि रस्ता यांच्यामध्ये प्लांट येतो आणि प्लांटवर शेखर होता. यात न समजण्यासारखं काही उरलं नाही. शेवटचं वाक्य तू माझं मन राखायला लिहिलंस, तेवढं मला कळतं.

काल त्याला विचारलं. खरं म्हणजे विचारलं नाही, सांगितलं. तो म्हणाला, "नाना, तुम्हाला खरंच तसं वाटतं का?" मी म्हणालो, "वाटायचं काय त्यात, परीक्षा झालीय." तो ताट तसंच ठेवून उठला, पिशवी भरली आणि निघाला. मैना दारापर्यंत गेली. मी जागचा हललो नाही.

तुझ्यावर राग नाही. तू काम केलंस. आता या विषयावर लिहू नकोस.

धोंडीराम

नाशिक, २३ मे

मामा,

लिहू नकोस म्हणालात, म्हणून लिहिते आहे. हे तुम्ही काय करून बसलात? मी तुम्हाला माझी शंका कळवली आणि तुम्ही तिचा निकाल करून टाकलात. मला स्वतःलाच काही समजत नाही असं मी स्वच्छ मराठीत लिहिलं होतं.

शेखरदादाचा फोन बंद लागतो. तुमचा वाजतो, पण तुम्ही उचलत नाही. आई माझ्याशी बोलत नाही. म्हणते, लहानपणी त्यानं तुला खांद्यावर बसवून बोरं काढून दिली आणि तू त्याच्याविरुद्ध कागद लिहून दिलास. कागद नव्हता, पत्र होतं, हे तिला कोण समजावणार.

मला एकाच गोष्टीचं उत्तर द्या. ते डांबर तुम्ही नक्की कुठून घेतलंत? ते रस्त्याचंच आहे, एवढं मी धरून चालले; खडीतून सुटं कसं झालं ते तुम्ही सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. आता विचारते आहे.

अपूर्वा

विंचूर, ३१ मे

अपूर्वाला मैनामामीचा आशीर्वाद.

माझं शिक्षण चौथी, चुकलंमाकलं सांभाळून घे. तुझ्या मामांनी तुझं पत्र फोडलंच नाय. देवळीत ठेवलं होतं, मी फोडलं. टपालवाल्याच्या घरात पत्र न फोडता पडून राहतं, असं मी कधी बघितलं नव्हतं.

तू विचारतेस डांबर कुठून आणलं. अगं, रस्त्यावरूनच आणलं. पहार घेऊन कडेची दोन मोठी ढेकळं उकरली. मग म्हणाले, पोरगी शिकलेली हाय, तिला खडी निवडायला लावणं बरं दिसत नाय. माझं धुण्याचं घमेलं घेतलं, त्यात ट्रॅक्टरचं डिझेल ओतलं आणि ढेकळं भिजत घातली. हाताला डांबर लागलं की आपण डिझेलनंच काढतो ना, तसं. खडी खाली बसली, वरचं काळं जुन्या धोतरातून गाळलं आणि पत्र्यावर उन्हात ठेवलं, वास उडेपर्यंत. पापडासारखं राखत बसले होते. माझं घमेलं अजून निघत नाय आणि लाडवांच्या डब्याचं तर नावच सोड.

शेखर सटाण्याकडं दुसऱ्या कुणाच्या प्लांटवर लागलाय, एवढं हर्षलकडून कळलं. फोन करत नाय. हे दिवसभर ओट्यावर बसतात. जेवताना त्याच्या जागेकडं बघतात आणि मी बघितलं की मान वळवतात. ह्यांच्याशी भांडावं का ह्यांची कीव करावी, मला कळेना झालंय.

त्यानं खरंच काही केलंय का गं? ह्यांना सांगू नको, मला सांग.

मैनामामी

नाशिक, ४ जून

मैनामामी,

हे पत्र मामांना मोठ्यानं वाचून दाखवा. त्यांनी उठून जायचा प्रयत्न केला तर दारात उभ्या राहून वाचा.

मामा, डिझेल नुसतं खडी सोडवत नाही, ते डांबरातच विरघळून बसतं. वास उडाला तरी ते उन्हानं जात नाही. मी जे तापवलं, ज्याची गोळी छत्तीसला उतरली, ते तुमच्या घमेल्यातलं मिश्रण होतं. आम्हीही खडी वेगळी करतो, पण त्याचं औषध वेगळं असतं आणि नंतर ते शेवटच्या थेंबापर्यंत काढून टाकावं लागतं. मला त्रास नको म्हणून तुम्ही केलंत, आणि मी न विचारता त्यावर लिहून मोकळी झाले. रडावं की हसावं कळत नाही. काल थोडं थोडं दोन्ही केलं.

पण मामी, तुमच्या प्रश्नाला मी अजून हो किंवा नाही म्हणू शकत नाही. शेखरदादानं काही केलं नाही, असं यातून ठरत नाही. डबा वाया गेला, एवढंच ठरतं. म्हणजे आपण सगळे मे महिन्याच्या आधी होतो तिथंच आहोत, फक्त तो घरात नाही.

गावातून तक्रारी गेल्यामुळे बांधकाम खात्यानं रस्त्याचे नमुने काढायला सांगितलं आहे. पंधराच्या रविवारी आमची माणसं मशीन घेऊन येतील, मीही येईन. या वेळी सगळं रीतसर होईल.

आईचा निरोप आहे, शब्द तिचे: "दादा, निकालाची वाट बघू नका. आत्ताच्या आत्ता सटाण्याला जा."

अपूर्वा

विंचूर, ९ जून

अपूर्वा,

मैनानं दारात उभं राहूनच वाचलं. एकदा वाचून थांबली नाही, दुसऱ्यांदा तो डिझेलचा भाग परत वाचला.

मला काही सुधरत नाही. मी मुलाला घराबाहेर काढलं ते डांबरासाठी, आणि ते डांबर मी स्वतः कालवलेलं. पण तूच लिहितेस की त्यानं काही केलं नाही असंही ठरत नाही. मग मी चुकलो की नाही चुकलो? माझ्या वयाच्या माणसाला एवढं तरी समजायला हवं.

तुझ्या आईला, कुसुमताईला सांग, जाणार आहे. पण हात हलवत जाऊन त्याला काय सांगू? बाप शंका घेऊन बोलला होता, आता बापाला शंकेचीच शंका आली आहे, हे सांगू? तुझा कागद हातात पडला की निघतो. चांगला निघाला तर ताठ मानेनं त्याला घेऊन येईन, गावासमोर.

तुम्ही रविवारी याल तेव्हा जेवायला इकडेच या. डबा मैना मागणार नाही, मी नवा आणून ठेवला आहे.

मामा

नाशिक, २४ जून

प्रिय मामा आणि मामी,

आधी हवं ते सांगते. रस्त्यातून काढलेल्या नमुन्यांतलं डांबर चांगलं आहे. गोळी त्रेपन्नला उतरली, म्हणजे प्लांटवर तापून जेवढं कडक व्हायला हवं तेवढंच झालं आहे. तेलाचा मागमूस नाही. दुसऱ्या एका प्रयोगशाळेनंही आपला निकाल स्वतंत्रपणे काढला, तोही हाच. शेखरदादानं काहीही मिसळलेलं नाही. मामी, तुमचं उत्तर हे.

आता माझं डोकं पुन्हा फिरलं आहे, कारण डांबर चांगलं तर नाल्या का? खडीही ठीक, रोलरची दाबाईही ठीक. मी रविवारी तो रस्ता पूर्ण चालले. नाल्या फक्त कालव्याच्या पुलापासून बाजाराच्या फाटकापर्यंत आहेत, आणि त्याही जाताना डाव्या अंगाला. उजवं अंग तळहातासारखं सपाट. दोन्ही बाजू एकाच दिवशी, एकाच टँकरच्या डांबरानं झाल्या आहेत. त्या दिवशी मला तिथं एक सायकल आणि दोन बकऱ्या दिसल्या. एवढ्यानं रस्ता खचत नाही. रविवार सोडून तिथं काय असतं?

अपूर्वा

विंचूर, २९ जून

अपूर्वा बाळ,

मैना तुझं पत्र घेऊन शेजारी तानुबाईकडे गेली आणि वाचून आली. मग समोरच्या घरी. मी म्हटलं, टपाल वाटायचं काम माझं होतं.

रविवारी लिलाव बंद असतात, म्हणून तुला बकऱ्या दिसल्या. एरवी कांद्याचे ट्रॅक्टर पहाटेपासून लागतात. फाटकापासून पुलापर्यंत रांग, डाव्या अंगाला, भरलेली ट्रॉली मागे. एप्रिल-मेमध्ये उन्हाळ कांदा निघतो तेव्हा दुपारपर्यंत हलत नाहीत. लोक ट्रॉलीखाली सावलीला झोपतात. परत जातात ते रिकामे, उजव्या अंगानं, भरधाव.

यात विशेष ते काय? आमच्याकडे हे सगळ्यांना माहीत आहे. रस्त्याच्या आधी गाड्या मोजायला दोन माणसं आली होती, त्यांनीही बघितलं असेल. आता आठवतं, ती दिवाळीत आली होती. आठवडाभर लिंबाखाली बसून गाड्या मोजल्या. मैनानं त्यांना चिवडा-चकली नेऊन दिली होती. दिवाळीत आमचे लिलाव आठ-दहा दिवस बंदच असतात.

आता कागद पाठव.

मामा

नाशिक, ७ जुलै

मामा,

तुमचं पत्र श्रेयस सरांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "म्हणजे ज्या आठवड्यात बाजार नव्हता, त्या आठवड्यावरून बाजाराच्या रस्त्याचं डांबर ठरलं."

डांबर ठरवताना बघतात की तिथलं ऊन किती, गाड्या किती आणि त्या कशा चालतात. धावतं चाक डांबरावरून क्षणात पुढे जातं. उभं चाक तापलेल्या डांबरावर तासन्‌तास बसून राहतं, आणि डांबर कितीही चांगलं असलं तरी ते हळूहळू बाजूला सरकतं. तिथं याहून कडक जातीचं डांबर सांगायला हवं होतं. शेखरदादाला जे सांगितलं ते त्यानं चोख दिलं. सांगण्यातच चूक होती. आम्हीही, सांगितलेलं तेच आलंय का, एवढंच तपासत राहिलो. ते योग्य आहे का, हे कुणी आम्हाला विचारलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

खात्यानं तेवढा पट्टा उकरून नव्यानं करायचं मान्य केलं आहे. रिपोर्टची प्रत सोबत जोडली आहे. आता तरी सटाण्याला जा.

तुमची,
अपूर्वा

विंचूर, १५ जुलै

अपूर्वा बाळ,

रिपोर्ट ग्रामपंचायतीत वाचून दाखवला. ज्यांनी शेखरचं नाव घेतलं होतं त्यांनीच आता मोजणीवाल्यांना शिव्या घातल्या. पारावर परत चहा सुरू झाला आहे. तो मी घेतला नाही.

परवा एसटीनं सटाण्याला गेलो. कागद कडक प्लास्टिकच्या पिशवीत घालून सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवला होता. वाटेत दोन-तीनदा चाचपला. प्लांट गावाबाहेर आहे. शेखर भट्टीजवळ उभा होता, डोक्याला पांढरा टॉवेल. वाळला आहे. मला बघून आला, पाया पडला, पाणी दिलं. खुर्ची एकच होती, ती मला दिली.

मी खिशात हात घातला. तो म्हणाला, "राहू द्या नाना. काढू नका."

मी म्हणालो, "अरे, वाच तरी. तुझ्यावर काही नाय. सगळं चोख निघालं."

तो म्हणाला, "मला माहीतच हाय ना त्यात काय हाय ते. माझ्याच हातचं काम. त्या कागदाची गरज तुम्हाला होती, मला नव्हती."

मग मला म्हणाला, "कागद उलटा आला असता, तर आले असते का?"

एसटीत मी पुष्कळ काही ठरवून गेलो होतो. ताठ मानेनं घरी नेईन, गावासमोर उभा करीन. त्यातलं काही इथं उपयोगाचं नव्हतं. खोटं बोलावं असं वाटलं, पण तो तोंडाकडे बघत होता, जसा मी त्याच्याकडे बघायचो. मी म्हणालो, "नसतो आलो."

त्यानं मान हलवली. रागावला नाही, तो रागावला असता तर मला बरं वाटलं असतं. म्हणाला, "आईला सांगा, जेवण बरं हाय इथं." मग भट्टीवर कुणी हाक मारली, तो गेला. मी बराच वेळ खुर्चीवर बसलो आणि शेवटच्या गाडीनं आलो.

मैनाला सांगितलं की कामात होता. तुला खरं लिहितो आहे, कारण तुला खोटं लिहिणं एकदा फार महाग पडलं, आणि 'साफ करून दिलं आहे' हे तर खोटं आहे हे न कळता लिहिलं होतं. मी त्याचा बाप आहे. मला तो चोख आहे हे कळायला दोन प्रयोगशाळा लागल्या. हे त्याच्या मनातून कसं पुसायचं, मला समजत नाही.

येत्या गुरुवारी परत जातो आहे. कागद घरी ठेवून.

मामा